बडनेरा ते राजकमल, चालकाविना

अमरावती



चालकाविना धावणारी गाडी शहराच्या वाहतुकीत आणायची, तर आधी तिची हद्द आखावी लागते. स्वयंचलनाच्या शून्य ते पाच पायऱ्या मानतात. चौथ्या पायरीवरची गाडी माणसाशिवाय चालते, पण नेमलेल्या भागात आणि ठरलेल्या परिस्थितीतच. अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये वेमोच्या टॅक्सी २०२० पासून सामान्य प्रवाशांना अशाच नेतात. कॅमेरे, रडार आणि लेसरने अंतर मोजणारे लिडार भोवताल टिपतात; गाडी तो आधी केलेल्या बारीक नकाशाशी ताडून पाहते.

अमरावतीत अशी हद्द बडनेऱ्याच्या रस्त्यावर सापडते. मुंबई–हावडा मार्गावरचे स्टेशन बडनेऱ्याला, आणि शहर तिथून सुमारे १० किलोमीटर आत. मार्ग ठरलेला, गाड्यांच्या वेळा ठाऊक. रेल्वेच्या वेळापत्रकाला जोडलेली छोटी बस इथे खरी उपयोगाची. खासगी चालकविरहित मोटारी मात्र माणसाला सोडून रिकाम्याच फिरतील आणि शहरातल्या राजकमल चौकातली कोंडी वाढवतील.

स्टेशनबाहेरचा ऑटो सीट भरल्यावर निघतो आणि वाटेत कुणी हात केला की तिथेच थांबतो. मागचा दुचाकीवाला ते धरूनच चालतो. रस्ता ओलांडणारी बाई चालकाने आपल्याला पाहिले याची खात्री करते, मगच पाऊल टाकते. यंत्राशी अशी नजरानजर होत नाही. शंका आली की ते थांबते, आणि या गर्दीत शंका पावलोपावली. म्हणून नेमके थांबे, बससाठी राखीव पट्टी आणि सिग्नलची वेळ गाडीला कळवणारी यंत्रणा गाडीच्या आधी यायला हवी.

अकोला

शहराबाहेर, अमरावती–अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एकपदरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि तिची गिनीजमध्ये नोंद झाली. सलग रस्ता यंत्राला मानवतो. पण वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचे लहान रस्ते खचतात, कडा तुटतात, रंगवलेले पट्टे टिकत नाहीत. कापसाच्या हंगामात ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी कापूस फुगून बाहेर आलेला असतो, आणि मागे बरेचदा दिवाही नसतो. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या यंत्राला हे चित्र नवेच. इथले शिक्षण त्याला इथेच द्यावे लागेल.

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर २८ डिसेंबर २०२० पासून चालकविरहित गाडी धावू लागली, कारण तिथे रुळांवर दुसरे कुणी येत नाही. रस्त्यावर तसे नाही, आणि १९८८ चा मोटार वाहन कायदाही परवानाधारक चालक गृहीत धरतो. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात चालकविरहित मोटारींना ठाम नकार दिला, तो चालकांच्या रोजगारासाठी. ती काळजी रास्त आहे. वऱ्हाडात ऑटो आणि काळीपिवळी टॅक्सीवर कितीतरी घरे चालतात. पण चालकविरहित बसवरही दुरून लक्ष ठेवायला, अडली तर सोडवायला आणि थांब्यावर प्रवाशांना मदत करायला माणसे लागतातच. त्या कामांवर पहिला हक्क याच चालकांचा ठरवून मगच पहिली बस रस्त्यावर आणावी.