शिफ्ट-एफ५

'फेटल: बॅड ऑब्जेक्ट', आणि पुढे चाळीस अक्षरांचा हॅश. एवढ्या एका ओळीनं माणसाच्या तोंडचं पाणी पळू शकतं, हे ज्यांनी गिट वापरलेलं नाही त्यांना पटायचं नाही.

जुन्नरचा माझा एक मित्र लेण्याद्रीच्या शिलालेखांच्या नोंदी करतोय. पेशानं मास्तर, नाद लेण्यांचा. प्रत्येक लेखाची एक टेक्स्ट फाइल: लेख कुठे आहे, आपल्याला कोणती अक्षरं दिसली, आधीच्यांनी काय वाचलं. हाताशी कॉलेजची दोन पोरं. सर्व्हर वगैरे भानगड नाही, मास्तरांचा पीसी हाच मुख्य साठा. हे सगळं गिटमध्ये ठेवायचा सल्ला माझा, त्यामुळे फोनही मलाच येतात.

"अरे, हिस्टरी गेली! गिट-केमध्ये एफ५ दाबलं की एरर. तीन महिन्यांचं काम आहे ते."

"ती खिडकी बंद करू नकोस. आणखी एक गिट-के उघड."

दुसरी खिडकी बिनतक्रार उघडली. म्हणजे रेपॉझिटरी धडधाकट होती, गोंधळ फक्त रिफ्रेशमध्ये होता.

गिट-के हे गिटचा इतिहास दाखवणारं जुनं, साधं साधन. गिट सुरू झालं २००५ साली, आणि त्याच वर्षी पॉल मॅकेरस यांनी हे टीसीएल-टीकेमध्ये लिहिलं. दिसायला अजूनही तसंच आहे, पण मला आवडतं. त्याच्या फाइल मेनूत दोन पर्याय शेजारीशेजारी बसलेत: अपडेट म्हणजे एफ५, आणि रीलोड म्हणजे शिफ्ट-एफ५. बहुतेक लोक दोन्ही एकच समजतात. तसं नाहीये. रीलोड पाटी कोरी करून सगळं पहिल्यापासून वाचतो. अपडेट मात्र कामचुकार आहे (चांगल्या अर्थानं). तो गिटला म्हणतो, 'आत्ताच्या ब्रँचच्या टोकांपासून मागे जे जे आहे ते दे, पण मागच्या वेळी मी जी टोकं पाहिली होती, त्यांच्या मागचं वगळ.' हजारो कमिट्स असतील तर यानं बराच वेळ वाचतो. यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मागच्या वेळची टोकं अजून जागेवर आहेत. ती नसतील तर वजाबाकी कशातून करायची? गिट सरळ हात वर करतं.

मग टोक गेलं कुठे? पोरांपैकी एकानं आदल्या रात्री साफसफाई केली होती. कधीतरी कुणीतरी लेण्यांचे फोटो कमिट केले होते, साठा फुगला होता. त्यानं रीबेस करून चौदा कमिट्सचा एक केला. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं. असे अनाथ झालेले कमिट्स रीफ्लॉगमध्ये डीफॉल्टनं तीस दिवस टिकतात, आणि सुटे ऑब्जेक्ट्स त्यानंतरही दोन आठवड्यांपेक्षा जुने असतील तरच जीसी उडवतो. पण जागा मोकळी होईना म्हणून पठ्ठ्यानं कुठलीतरी पाककृती वाचून रीफ्लॉग रिकामा केला आणि 'प्रून नाऊ' चालवलं. त्या वेळी मास्तरांची खिडकी उघडीच होती. सकाळी त्यांनी एफ५ दाबलं.

इथे कुणीही म्हणेल, शिफ्ट-एफ५ दाबा आणि कामाला लागा. एरर गेली असती. शेवटची वाचनंही त्या एका कमिटमध्ये जशीच्या तशी होती. मास्तरांचा जीव मात्र त्या चौदांत अडकला होता. 'टॉर्च तिरपा धरल्यावर ही रेघ अक्षराची नाही, दगडाची भेग वाटते' असले शेरे कमिटच्या मजकुरात होते, फाइलमध्ये नव्हते. आणि शिलालेखांत जुनं वाचन चुकीचं ठरलं म्हणून फेकून देत नाहीत. बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचं पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांवरचं पुस्तक १८८१चं. ल्यूडर्सनं १९१२च्या त्याच्या ब्राह्मी लेखांच्या यादीत प्रत्येक लेखापुढे तो आधी कुठे कुठे छापला गेला ते दिलंय. सहाव्या लेण्यात, चैत्यगृहात, कल्याणच्या सुलसदताच्या दानाचा एका ओळीचा लेख आहे. दगड झिजतो, तेव्हा अशा ओळीतलं एखादं अक्षर पुढे फक्त कागदावरच उरायचं.

"सातव्या लेण्यात गिरिजात्मज आला," मास्तर म्हणाले, "पण विहाराच्या वीस खोल्या कुणी बुजवल्या नाहीत. आमच्या पोरानं एका रात्रीत चौदा बुजवल्या."

आधी जुन्या खिडकीतून जमेल ते काढून घेतलं. गिट-के कमिटचा हॅश, नाव आणि मजकूर मेमरीत धरून ठेवतो, त्यामुळे चौदाच्या चौदा शेरे कॉपी झाले. फरक बघायला क्लिक केलं की मात्र काही नाही, कारण तो दर वेळी डिस्कवरून वाचला जातो. खिडकी बंद केली असती तर शेरेही गेले असते.

मग दुसऱ्या पोराला फोन लावला. तो नारायणगावला घरी होता आणि सुदैवानं आळशी होता. आठवडाभर त्यानं काहीच ओढून घेतलं नव्हतं. 'काही पुल करू नकोस, आधी जिथे आहेस तिथेच एक नवी ब्रँच काढ.' म्हटलं, नावाचा टेकू मिळाला की जीसी तिकडे फिरकणार नाही. अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन तो संध्याकाळी जुन्नरला पोचला. मास्तरांनी पेनड्राइव्हवरून ती ब्रँच फेच केली आणि त्याच जुन्या खिडकीत परत एफ५ दाबलं.

एरर नाही! हरवलेलं टोक जागेवर आल्यावर वजाबाकीही जमली. पडद्यावर दोन फांद्या, एकीवर चौदा ठिपके, दुसरीवर एकच. ब्रँचचं नाव मास्तरांनी 'पहिली-वाचनं' ठेवलंय आणि ती कुणी डिलीट करायची नाही अशी तंबी दिलीय. मी त्यांच्या पीसीवर अनाथ कमिट्सची रीफ्लॉग मुदत 'नेव्हर' करून टाकली. फोटोंसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्यायचं ठरलंय, पैसे कुणी द्यायचे ते अजून नाही ठरलं.

शेवटी एक किरकोळ तक्रार राहिली होती. फाइलींची नावं देवनागरीत असल्यामुळे टर्मिनलमध्ये 'लेणे'च्या जागी बॅकस्लॅश ३४० बॅकस्लॅश २४४ असली माळ दिसायची. मास्तर म्हणाले, ब्राह्मी यापेक्षा सोपी. कॉन्फिगमध्ये कोअर-कोटपाथ फॉल्स केलं की नावं नीट दिसतात.