चौकट केवढी?

लडाखच्या चांगथांगमध्ये उतारावरची कॅरागानाची काटेरी झुडपं मोजायला बसलं की पहिला पेच झुडपाचा नसतो, चौकटीचा असतो. चार खुंट्या, सुतळी, आत किती बुंधे ते वहीत. अशा पुष्कळ चौकटींच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि व्हेरियन्सही, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. दोन्ही सारखे आले तर झुडपं योगायोगाने विखुरलेली. व्हेरियन्स मोठा तर घोळक्याने, लहान तर अंतर राखून. पण अर्ध्या मीटरच्या चौकटीला जो उतार योगायोगाचा वाटतो, तोच चार मीटरच्या चौकटीला घोळक्यांचा दिसू शकतो. दोन्ही उत्तरं खरी! ग्रेग-स्मिथ यांनी १९५२ मध्ये यातून वाट काढली. चौकटी एकमेकींना चिकटून मांडायच्या, मग दोन-दोन, चार-चार जोडत जायचं. व्हेरियन्स जिथे उसळी घेतो तिथे घोळक्याचा आकार सापडतो. ही जुनी पद्धत मला अजून आवडते, कारण माप ठरवण्याचा हक्क झुडपांकडे राहतो.

डोळ्यांवर विसंबू नये. योगायोग म्हटला की आपल्याला रांगोळीच्या ठिपक्यांसारखी विखुरणी अपेक्षित असते. खऱ्या योगायोगात पुंजकेही असतात आणि मोकळ्या जागाही.

क्लार्क आणि इव्हान्स यांनी १९५४ मध्ये चौकटच काढून टाकली. प्रत्येक झुडपापासून सर्वांत जवळच्या शेजाऱ्याचं अंतर मोजायचं. चौरस मीटरला एक झुडूप असेल, तर योगायोगाने ते सरासरी अर्धा मीटर यावं. मात्र टेप उतारावर टेकवला की गडबड: तीस अंशांच्या उतारावरचे दहा मीटर नकाशावर ८.६६ मीटरच भरतात. शिवाय कॅरागाना जमिनीखालून पसरतं, त्यामुळे एक झुडूप कुठे संपलं हा वादाचा मुद्दा. मी बुंध्यांमध्ये हातभर मोकळी जमीन असेल तरच दुसरं धरते. नियम मनमानी आहे, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो.

वयाचा रकानाही वेगळा हवा. रोपं मोठ्या झुडपांच्या आडोशाला दाटीने उगवतात, तिथे शेळ्यांचं तोंड पोचत नाही. थोराड झुडपं मात्र पाण्यासाठी एकमेकांना दूर ठेवतात. सगळी एकत्र मोजली तर दोन्ही खुणा एकमेकींना पुसतात आणि आकडा ‘योगायोग’ म्हणून मोकळा होतो.

रिप्लींच्या पद्धतीत अंतर वाढवत वर्तुळं काढली जातात, म्हणजे अनेक मापं एकदम. त्यासाठी प्रत्येक झुडपाची जागा नोंदवावी लागते. दुपारनंतर वाऱ्यात टेप सरळ राहत नाही, म्हणून ते काम मी सकाळीच उरकते.