नांव लिहिण्यापूर्वीं

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस सहा छायाचित्रें पाठविलीं. हा विद्यार्थी हल्लीं अंदमान बेटांत हौशी पाणबुड्यांस समुद्रतळ दाखविण्याचें काम करितो. पावसाळ्यांत समुद्र खवळला म्हणजे त्यास थोडी सवड मिळते, व त्या सवडींत त्यास शाळेची आठवण होते. "सर, हीं शास्त्राच्या वर्गांत लावा, आणि ह्या प्राण्याचें नांव मुलांना सांगा," एवढेंच त्यानें सोबत लिहिलें होतें.

छायाचित्रें फारच सुरेख होतीं. काळ्याभोर अंगावर निळसर करड्या रंगाच्या उंच रेषा, व त्या रेषांवर हारीनें बसविल्याप्रमाणें दिसणाऱ्या पिवळ्या टोकांच्या गांठी, असा एक बोटभर लांबीचा प्राणी सहाही चित्रांत प्रवाळावर बसलेला दिसत होता. ही समुद्रांतील एक गोगलगाय होय. आपल्या अंगणांत पावसाळ्यांत सरपटणाऱ्या गोगलगाईची ही दूरची नातलग. परंतु हिच्या पाठीवर शंख नसतो. जगांतील समुद्रांत अशा बिनशंखी गोगलगाईंच्या हजारों जाति आहेत, व त्यांचे रंग पाहून फुलपांखरांनींही लाजावें.

आमच्याजवळच्या एका पुस्तकांत हुबेहूब तसेंच चित्र मिळालें. त्याखालीं 'फिलिडिया व्हेरिकोसा' असें नांव होतें. लामार्क नामक फ्रेंच शास्त्रज्ञानें तें 1801 सालीं दिलें. 'फुगलेल्या शिरांची' असा त्याचा अर्थ. नांव सांपडल्याच्या आनंदांत आम्हीं सहाही छायाचित्रें एका पुठ्ठ्यावर चिकटविलीं, वर ठळक अक्षरांत तें नांव लिहिलें, आणि पुठ्ठा प्रयोगशाळेच्या भिंतीवर टांगिला.

आठव्या इयत्तेंतील एक अबोल मुलगी दोन दिवस त्या पुठ्ठ्यासमोर घुटमळतांना दिसली. तिसऱ्या दिवशीं तास चालूं असतां ती उभी राहिली व म्हणाली, "सर, हे सहाही प्राणी एकच कशावरून? पांचव्या चित्रांतल्याला शिंगें नाहींत."

"बाळ, पुस्तकांत पाहूनच लिहिलें आहे," असें आम्हीं उत्तर दिलें. वर्ग हंसला. मुलगी मुकाट्यानें खालीं बसली. आमचें उत्तर खोटें नव्हतें. पण तें तिच्या प्रश्नाचें उत्तरही नव्हतें, ही रुखरुख आम्हांस संध्याकाळपर्यंत लागून राहिली. अखेर आम्ही पुठ्ठा घरीं घेऊन गेलों, आणि दिव्याखालीं भिंग घेऊन बसलों.

मुलीचें म्हणणें खरें होतें. ह्या गोगलगाईच्या डोक्यावर वास ओळखण्याचीं दोन लहान, पिवळीं शिंगें असतात. पांच चित्रांत तीं स्पष्ट होतीं. पांचव्या चित्रांत त्यांचा मागमूस नव्हता. आणखी पुस्तकें चाळल्यावर उलगडा झाला कीं, तो प्राणी गोगलगायच नव्हता! तें समुद्रकाकडीच्या एका जातीचें पिल्लूं होतें. ही समुद्रकाकडी मोठेपणीं अगदीं निराळी दिसते; पण बालपणीं मात्र तिचें रूप ह्या गोगलगाईसारखें असतें.

असें सोंग कां, ह्याचें कारणही मनोरंजक आहे. ही गोगलगाय सागरी स्पंज खाते, व त्यांतील विष आपल्या अंगांत सांठविते. तिच्या अंगांतून निघणारा चिकट द्रव मासे व खेंकडे ह्यांच्या जातीच्या प्राण्यांस मारक ठरतो, असें योहानेस नामक संशोधकानें 1963 सालीं प्रसिद्ध केलें. तिचे भडक रंग म्हणजे 'मला तोंड लावूं नका' ही जाहीर सूचनाच होय. जो प्राणी तिच्यासारखा दिसतो, त्यासही ह्या सूचनेचा लाभ आपोआप मिळतो. तिच्याच कुळांतील दुसऱ्या एका गोगलगाईसारखा दिसणारा एक चपटा कृमि आहे. त्यास 1994 सालीं नांव देतांना शास्त्रज्ञांनीं 'नक्कल केलेला' ह्या अर्थाचाच लॅटिन शब्द योजिला.

आतां पांच चित्रें उरलीं. त्यांपैकीं तीन चित्रांत पाठीवर पांच-पांच रेषा मोजतां आल्या. तेथें आमचें नांव बहुधा बरोबर होतें. परंतु उरलेल्या दोहोंत रेषा तीनच होत्या. ह्या कुळांत 'फिलिडिया सेलेस्टिस', म्हणजे 'आकाशाची', अशी दुसरी एक जाति आहे. बर्ग नामक शास्त्रज्ञानें तिला 1905 सालीं हें नांव दिलें. तिचाही रंग तोच, गांठी तशाच पिवळ्या, आणि पाठीवर रेषा बहुधा तीन. मात्र व्हेरिकोसाच्या पाठीवरही कधीं कधीं तीनच रेषा असूं शकतात. मग भेद कोठें? तो तळव्यावर! ज्या भागावर ही गोगलगाय सरपटते, त्या तळव्याच्या मध्यावरून व्हेरिकोसाच्या अंगीं एक लांब काळी रेघ असते. सेलेस्टिसच्या तळव्यावर ती नसते. आणि आमच्यापाशीं असलेलीं सर्व चित्रें वरून काढलेलीं होतीं. पाठ सर्वांची दिसत होती. तळवा एकाचाही दिसत नव्हता.

रंगावर भिस्त ठेवावी, तर तोही पाण्यांत फसवितो. सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग पाणी आधीं शोषून घेतें, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून पाणबुड्यानें आपल्याबरोबर प्रकाश नेला नाहीं, तर खोल पाण्यांतील चित्र निळेंच उमटतें. शिवाय रंग खरा उतरला, तरी तो पुरेसा साक्षीदार असतोच असें नाहीं. अशाच दुसऱ्या एका कुळांतील गोगलगाईंची आनुवंशिक तपासणी 2018 सालीं प्रसिद्ध झाली. तींत असें आढळलें कीं, सारख्या रंगाचे प्राणी भिन्न जातींचे असूं शकतात, आणि एकाच जातींत निरनिराळ्या रंगांचे प्राणी असूं शकतात.

आम्हीं त्या माजी विद्यार्थ्यास विचारिलें, "तळव्याचें चित्र आहे काय?" त्याचें उत्तर आलें: "नाहीं, सर. आम्ही कुठल्याही प्राण्याला हात लावत नाहीं आणि उलटाही करीत नाहीं. पण ती खडकाची कड चढतांना अंग उचलते, तेव्हां खालची बाजू दिसते. पुढच्या हंगामांत वाट पाहीन." एका नांवासाठीं त्या मुक्या जीवास त्रास द्यावयाचा नाहीं, हा त्याचा निश्चय वाचून आम्हांस धन्यता वाटली.

दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर आम्हीं जुनी चिठ्ठी काढून टाकिली. तीन चित्रांखालीं व्हेरिकोसा, एकाखालीं समुद्रकाकडीचें पिल्लूं, आणि दोहोंखालीं 'नांव अनिश्चित. तळवा पाहिलेला नाहीं' असें लिहिलें. मग त्या मुलीस उभें करून आम्हीं म्हणालों, "बाळ, तुझा प्रश्न योग्य होता, आणि आमचें उत्तर अयोग्य होतें." ह्या वेळीं वर्ग हंसला नाहीं.

येथेंच हा लेख संपविला असता. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्या मनाचें समाधान होणार नाहीं. त्याच सुमारास प्रगतिपुस्तकें तपासतांना ह्या मुलीचें पुस्तक हातीं आलें. मागील सत्रांत आम्हींच तिच्या नांवापुढें 'वर्गांत लक्ष नसतें' असा शेरा लिहिला होता. जिनें सहा चित्रांतून एक शिंग नसलेला प्राणी निवडून काढिला, तिचें लक्ष नसतें! ती खिडकीबाहेर पाहत असे, एवढेंच आम्हीं पाहिलें होतें. ती काय पाहत असे, हें आम्हीं कधीं विचारिलें नव्हतें. यिशयाच्या थोरल्या पुत्राचें रूप व उंची पाहून शमुवेल संदेष्टाही क्षणभर चुकला, व ज्यास निवडावयाचें होतें तो मेंढरांपाशीं राहिला होता, ही कथा आम्हीं उपासनेच्या वेळीं किती वेळां सांगितली असेल! सांगणें सोपें असतें.

विद्यार्थीमित्रांनो, समुद्रकिनारीं गेलांत तर डबक्यांत जरूर डोकावा. पण जें दिसेल त्याचें नांव घाईनें लिहूं नका. स्थळ, तारीख व लांबी लिहून ठेवा, वरून पाहिलेंत तर बाजूनेंही पाहा, आणि शंका राहिली तर 'अनिश्चित' असें लिहिण्यास लाजूं नका. आणि पालकहो, प्रगतिपुस्तकांतील आमचे शेरे आपण जरूर वाचावेत. परंतु ते बहुधा पाठ पाहून लिहिलेले असतात, हें ध्यानांत ठेवून आपल्या पाल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्या मुलीच्या पुस्तकांतील शेरा आम्हीं खोडून दुरुस्त केला आहे. दोन चित्रांखालचीं नांवें मात्र अद्याप तशींच आहेत. अंदमानांतून नवीं छायाचित्रें येईपर्यंत तीं तशींच राहतील.