जपानच्या खेड्यातली बस

जपान म्हटले की वाऱ्यासारखी धावणारी आगगाडी डोळ्यांपुढे येते. पण डोंगरातल्या खेड्याला तिथेही आधार बसचाच. नारा प्रांतातील यागीहून समुद्रकाठच्या शिंगूला जाणारी साधी बस घ्या. सुमारे १७० किलोमीटरचा, साडेसहा तासांचा घाटरस्ता! वाटेत तोत्सुकावा येथे दरीवर २९७ मीटर लांबीचा झुलता पूल लागतो. १९५४ साली गावकऱ्यांनी पदरचे पैसे घालून तो उभारला.

अशा बसला कंडक्टर नसतो. सगळा कारभार एकट्या ड्रायव्हरचा. म्हणून नेमका शब्द ठाऊक हवा. मागल्या दाराने चढताच 'सेइरिकेन', म्हणजे आकड्याची चिठ्ठी घ्यायची. पुढच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडे दिसते. भाड्याला म्हणतात 'उनचिन'. ते उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत टाकायचे. सुटे करून घेणे म्हणजे 'र्योगाए'.

भाषेची ठेवण आपल्या ओळखीची आहे. क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे. 'बासु दे इकु' म्हणजे बसने जाणे. 'बासु नि नोरु' म्हणजे बसमध्ये चढणे. उतरताना मात्र 'बासु ओ ओरिरु'. आपण 'बसमधून' म्हणतो, तिथे जपानी माणूस कर्माला लावायचा 'ओ' लावतो. हे पाठच करावे. आपला थांबा आला की 'ओरिमास' म्हणावे. उतरतो आणि उतरते, दोन्हींना हाच एक शब्द.

दोन शब्दांची गल्लत मात्र करू नका. 'शूतेन' म्हणजे शेवटचा थांबा, 'साइशू' म्हणजे शेवटची गाडी. वेळापत्रकही दोन तऱ्हेचे असते: 'हेइजित्सु' कामाच्या दिवसांचे, 'क्यूजित्सु' सुटीचे. सुटीला गाड्या बहुधा कमी. चुकीचा रकाना वाचला तर आडगावी रात्र काढण्याची पाळी!

हे आपल्याला कशाला, असे म्हणाल. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. त्यात शेतीकामही आहे, आणि त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. उद्या तुमच्या घरचा मुलगा किंवा मुलगी तिकडच्या शेतावर जाईल, तेव्हा कामावरून मुक्कामी पोचवणारी गाडी कदाचित अशीच असेल. परीक्षेच्या पुस्तकाआधी एवढे शब्द एका कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा.