गुलाबी तळ्याचा काळा-पांढरा फोटो

मुलांनो, आज एक सोपं कोडं घालते. गुलाबी रंग कृष्णधवल फोटोत कसा दिसेल? राखाडी. बरोबर! आणि हिरवा? तोही राखाडीच. मग समजा, एखादं हिरवं तळं बघता बघता गुलाबी झालं आणि कुणी त्याचा आधीचा एक आणि नंतरचा एक असे दोन कृष्णधवल फोटो तुमच्यापुढे ठेवले, तर तुम्हांला काय कळेल? फारसं काही नाही!

तुम्ही म्हणाल, हिरवं तळं गुलाबी कशाला होईल? पण हे काही माझ्या मनचं नाही बरं का. ते तळं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं सरोवर! भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही त्याचं नाव वाचलंच असेल. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड उल्का येऊन काळ्या बसाल्ट खडकावर आदळली आणि एका काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंद, जवळजवळ दीडशे मीटर खोल असा वाडगा तयार झाला. वाडग्याच्या तळाशी पाणी. ते खारट आणि क्षारयुक्त. त्या पाण्यात शेवाळाची जात खूप वाढते, म्हणून एरवी ते हिरवट दिसतं.

२०२० च्या जून महिन्यात मात्र हे पाणी गुलाबी झालं. तेव्हा टाळेबंदी होती, शाळा बंद होत्या. फोनवर एकामागून एक फोटो यायला लागले. कुणी म्हणे चमत्कार, कुणी म्हणे फोटोत रंग भरलाय. काही फोटो तर असे की तळं नव्हे, जास्वंदीचं सरबत वाटावं! खरंखोटं कसं करायचं? तिथे उपयोगी पडले ते आकाशातून काढलेले फोटो. लँडसॅट-८ या उपग्रहानं २५ मे रोजी आणि १० जून रोजी लोणार टिपलं होतं. अमेरिकेच्या नासा संस्थेनं ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून प्रसिद्ध केली. पहिल्यात तळं हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. संपला वाद!

पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. मिठाच्या पाण्यात राहणारे हॅलोआर्किया नावाचे अगदी सूक्ष्म जीव त्यात सापडले. पाऊस कमी, ऊन कडक, त्यामुळे पाणी आटलं आणि खारटपणा वाढला. तो या जीवांना मानवला. त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. नमुना न हलवता ठेवला तेव्हा हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यात राहणाऱ्यांचा होता!

तेव्हा जो तो एकच विचारायचा, ‘तळं याआधी कधी असं झालं होतं का हो?’ आता, रंगीत फोटोग्राफी येण्याआधी काढलेला लोणारचा एखादा जुना फोटो कुणाकडे असला, तर त्याला हा प्रश्न विचारून काय उपयोग? वाडगा दिसेल, देवळं दिसतील, झाडी दिसेल. पाण्याचा रंग तो सांगणार नाही. राखाडी रंगात हिरवं आणि गुलाबी दोन्ही बुडून जातात.

हे कसं होतं, तेही बघू या. रंगीत चित्राचं कृष्णधवल करताना प्रत्येक रंगातला उजेड तेवढा मोजला जातो, पण सगळ्या रंगांना सारखे गुण मिळत नाहीत. नेहमीच्या हिशेबात लालाला ३० टक्के, हिरव्याला ५९ टक्के आणि निळ्याला फक्त ११ टक्के! आपल्या डोळ्यांना हिरवा उजेड जास्त जाणवतो, म्हणून त्याला जास्त मान. तुमच्या आई-बाबांच्या लहानपणी या हिशेबानं मोठं काम केलेलं आहे. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं, पण पुष्कळ घरांत जुने कृष्णधवल संचच होते. त्यांच्यावरही कार्यक्रम नीट दिसत, कारण रंगीत प्रक्षेपणातच हा उजेडाचा हिशेब वेगळा पाठवलेला असे. क्रिकेटच्या सामन्यात हिरवळ कुठली आणि माती कुठली, हे मात्र अंदाजानं ठरवायचं!

फोनमध्ये एखाद्या फुललेल्या गुलमोहराचा फोटो काढा आणि त्याचे रंग काढून टाका. लालभडक फुलं आणि हिरवी पानं एकमेकांत अशी मिसळतील की झाड फुललंय की नाही, याचीच शंका यावी. अशा वेळी कृष्णधवलचा हट्ट धरणं मला तरी पटत नाही.

पण थांबा. लगेच रंगीत फोटोच्या बाजूनं मत देऊ नका!

मिठाईच्या डब्यावर लाल जिलेटिनचा कागद असतो ना? तो फोनच्या भिंगावर धरून निळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मग तो कृष्णधवल करा. आकाश गडद होईल आणि ढग पांढरेशुभ्र उठून दिसतील. लाल कागद लाल उजेडाला आत सोडतो, निळ्याला अडवतो. निळ्या आकाशाकडून उजेडच पोचला नाही, तर ते काळं दिसणारच.

या युक्तीनं एका माणसाचं आयुष्य बदललं. त्याचं नाव ॲन्सेल ॲडम्स. १९२७ साली हा पंचवीस वर्षांचा अमेरिकन तरुण योसेमिटीच्या डोंगरात ‘हाफ डोम’ नावाच्या उभ्या कड्याचा फोटो काढायला जड कॅमेरा पाठीवर घेऊन चढला. तेव्हा फोटो काचेच्या पट्ट्यांवर निघत. कड्यासमोर पोचला तेव्हा त्याच्याजवळ दोनच पट्ट्या उरल्या होत्या. एक त्यानं पिवळी काच लावून वापरली. मग त्याच्या लक्षात आलं, आपल्याला हा कडा जसा भव्य वाटतोय तसा तो या फोटोत येणार नाही. शेवटच्या पट्टीसाठी त्यानं गडद लाल काच लावली. आकाश जवळजवळ काळं झालं आणि त्यापुढे कडा असा उभा राहिला की तो फोटो जगभर गाजला. डोळ्यांना दिसणारं आकाश तसं काळं नव्हतं, बरं का! म्हणजे ‘कृष्णधवल ते खरं आणि रंगीत ते नटवलेलं’ असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. आपलं गुलाबी लोणारच घ्या. लाल काचेतून कृष्णधवल फोटो काढला तर गुलाबी पाणी उजळ दिसेल, हिरव्या काचेतून काढला तर तेच पाणी गडद. कृष्णधवल फोटो काढणाऱ्यालासुद्धा रंगांची पक्की जाण लागते.

हे सगळं मी तुम्हांला सांगतेय, त्याला कारण आमचा चौथीचा वर्ग. गेल्या डिसेंबरात आम्ही लोणारला गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात लावायला तिथला एक मोठा फोटो हवा होता, आणि जमलेल्या पैशांत एकच होणार होता. काठावरून मी बरेच फोटो काढले होते. त्यांतल्या एका दुपारच्या फोटोच्या दोन लहान प्रती काढल्या, एक रंगीत, एक कृष्णधवल, आणि वर्गात फिरवल्या.

कृष्णधवल प्रत बघून पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पाणी काळं काहून झालं? आणि झाडं कुठं गेली?” खरंच, झाडी आणि तिच्यामागची तपकिरी भिंत एकाच राखाडी रंगाची झाली होती. सगळे हसले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मला तर दोन्हीत झाडं आणि भिंत सारखीच दिसते.”

या मुलाला लाल, हिरवा, तपकिरी असे काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. याला रंगांधळेपणा म्हणतात. तो जन्मापासून असतो आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो. वर्गाला हे माहीत आहे, त्यानंच सांगितलेलं आहे. तरी एकानं विचारलंच, “म्हणजे तुला सगळं या फोटोसारखं काळं-पांढरं दिसतं?” तो वैतागून म्हणाला, “नाही रे! निळं दिसतं, पिवळं दिसतं. हे दोन तेवढे घोटाळा करतात.”

पालकहो, चित्रकलेच्या वहीत तुमच्या मुलानं पानं तपकिरी रंगवली तर रागावण्याआधी हे एकदा आठवा. असो.

मग मी सकाळचा फोटो काढला. तो सूर्य वर यायच्या आधीचा, तिरप्या उन्हातला होता. वाडग्याची पूर्वेकडची भिंत सावलीत बुडालेली, पश्चिमेकडची लख्ख उजळलेली, आणि झाडांच्या लांब सावल्या. त्याचे रंग काढले तरी काही बिघडलं नाही. उलट तो खोल खड्डा जास्तच खोल दिसायला लागला. उल्केनं काय केलं असेल, ते त्या फोटोत कळतं. हिरवा-निळा रंग असला की डोळा तिकडेच धावतो आणि वाडग्याचा आकार राहून जातो. माझं मत अर्थातच या कृष्णधवल फोटोला होतं, आणि तसं मी वर्गात सांगितलंही.

पण गुलाबी पाण्याची गोष्ट मुलांना पाठ होती. एक जण म्हणाला, “मॅडम, उद्या तळं पुन्हा गुलाबी झालं तर? आज कोणत्या रंगाचं होतं ते कसं सांगणार?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं!

मतदान झालं. सकाळचाच फोटो, पण रंगीत की कृष्णधवल? रंगीतला सोळा मतं, कृष्णधवलला नऊ. मला वाटलं होतं, मागच्या बाकावरचं मत तरी माझ्या बाजूनं पडेल. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, “मी रंगीतलाच दिलं. आभाळ किती निळं आहे त्यात!”

आता तो रंगीत फोटो व्हरांड्यात लागला आहे. मुलांनी त्याच्याखाली तारीख लिहिली आहे, वेळ लिहिली आहे आणि त्यापुढे ‘पाणी : शेवाळी हिरवं’ असंही लिहिलं आहे. कृष्णधवल प्रत माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.