भाराखाली दमणारे यंत्र

शापोरा नदी समुद्राला मिळते तेथे, मुखाशी, वाळूचा दांडा आहे. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते, समुद्राच्या लाटा आत येत असतात, आणि दोहोंची गाठ नेमकी त्या उथळावर पडते. तेथून होडी आत आणताना यंत्राने थोडा वेळ तरी दगा देता कामा नये. लाटेच्या पाठीवर वेग गेला की होडी आडवी फिरते, आणि आडव्या होडीला समुद्र दयामाया दाखवीत नाही. गेल्या मोसमात माझ्या थोरल्या बंधूंच्या होडीचे यंत्र नेमके तेथेच दमू लागले.

यंत्र साधेच, होडीच्या मागे टांगायचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक, ९.९ अश्वशक्तीचे. रिकामी होडी घेऊन नदीत फिरले की ते गुणी मुलासारखे वागे. जाळी, बर्फ, चार माणसे आणि मासळी एवढा भार चढवून मूठ पूर्ण पिळली की मिनिटभर जोर दाखवी. मग आवाज खोल जाई आणि होडी पाण्यात बसे. मूठ सैल केली की पुन्हा सावरे. वहिनी त्या दिवसांत संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच सिलिंडरांचा सगळा भाग बदलायला सांगितला. तो खर्च ऐकून बंधू जेवले नाहीत असे मी म्हणणार नाही, पण दोन दिवस बोलले मात्र नाहीत.

पुतण्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला. तो म्हणाला, "काका, जे भार पडल्यावर बिघडते ते भार घालूनच पाहायला हवे." त्याने होडी दोन जाड दोरखंडांनी धक्क्याला बांधली, यंत्र गिअरमध्ये टाकले आणि हळूहळू मूठ वाढवली. होडी जागची हलत नव्हती, पण पंख्याला पाणी रेटावे लागतच होते.

प्रथम त्याने कान दिला. यंत्र किंचाळते आणि होडी मात्र पुढे जात नाही, असे असते तर पंख्यातले रबर घसरते आहे किंवा पंखा हवा ओढतो आहे, असा संशय घेता आला असता. येथे आवाजच बसत होता. पंखा निर्दोष सुटला. मागून पडणारी थंड पाण्याची धार नेहमीसारखी होती, म्हणजे यंत्र तापून दमत नव्हते. दोन्ही प्लग काढून पाहिले तर रंग सारखाच, तेव्हा एक सिलिंडर मेला आहे असेही नव्हते. मग आवाज बसू लागताच त्याने टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा भराभर दाबला. यंत्राने क्षणभर उसळी घेतली! म्हणजे त्याला इंधन कमी पडत होते. शिवाय तो फुगा आतल्या ओढीने चपटा होऊन राहिला होता. तेव्हा अडथळा फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला असणार. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, आतली जाळी स्वच्छ होती. शेजाऱ्यांची टाकी आणि नळी जोडली तर यंत्र दोरखंड तोडू पाहू लागले. त्याच टाकीला आमची नळी जोडली, की पुन्हा तीच धाप.

नळी बाहेरून नव्यासारखी दिसत होती. पुतण्याने ती उभी चिरली तेव्हा आतले अस्तर सुटून जिभेसारखे लोंबत असलेले आम्ही सर्वांनी पाहिले. थोडे पेट्रोल जायचे असेल तर ते त्या जिभेच्या कडेने जाई; यंत्राची ओढ वाढली की जीभ उचलून वाट बंद करी. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या घडणीच्या रबराला ते मानवत नाही, म्हणून इथेनॉल सोसणारीच नळी त्याने निवडून आणली.

या यंत्राला वंगणाचे तेल पेट्रोलातूनच मिळते. ऐन भारात पेट्रोल आटले की वंगणही आटते, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला घासू लागतो. आणखी काही आठवडे असेच गेले असते तर त्या दुरुस्तीवाल्याचे भाकीत खरे ठरले असते, ही त्यातली गंमत.

बंधूंचा विश्वास मात्र लगेच बसला नाही. नवी नळी आणि नवा फुगा लावून तीन दिवस त्यांनी मासळीऐवजी वाळूची पोती भरून नदीतच ओहोटीविरुद्ध होडी चालवली, आणि चौथ्या दिवशी दांडा ओलांडला. वहिनी त्याही संध्याकाळी किनाऱ्यावर गेल्या होत्याच.