काचेच्या खोलीचं खूळ

इंग्लंडमध्ये घराच्या मागे काचेची अख्खी खोली बांधायला बहुतेकदा कौन्सिलची परवानगीच लागत नाही, हे मला इतकी वर्षं हॅरोत राहून कुणी सांगितलं कसं नाही? लंडनच्या या वायव्य कोपऱ्यात आमच्यासारखी १९३०च्या दशकातली जोडघरं ओळीनं उभी आहेत आणि कितीतरी घरांच्या पाठीला अशी काचेची खोली, म्हणजे कॉन्झर्व्हेटरी, आहे. ट्रेनमधून ती दिसायची आणि मला वाटायचं, पैसेवाल्यांचे शौक! आता आम्हीच एक बांधायला घेतलीय, तर मी प्रत्येक घराची मागची बाजू टक लावून बघते. छपराला उतार किती दिलाय, पन्हळ कुठे सोडलीय, खालची विटांची बुटकी भिंत किती उंच आहे. नवरा म्हणतो, एक दिवस कोणीतरी पोलिसांना बोलावेल.

पण नियम वाचायला घ्या, तुम्हीही उठणार नाही. जोडघर असेल तर मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटर, सुटं घर असेल तर ४ मीटर. उंची ४ मीटरपर्यंत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून २ मीटरच्या आत असाल तर वळचण ३ मीटरच्या वर जाता कामा नये. यात बसलात की झालं. आणि ‘मूळ’ घर म्हणजे कुठलं? जुन्या घराच्या बाबतीत १ जुलै १९४८ रोजी ते जसं उभं होतं तसं! मधल्या कुठल्याशा मालकानं स्वयंपाकघर मागे ओढलं असेल, तर तेवढे मीटर आपल्या वाट्यातून वजा. बांधकामाचे नियम त्याहून मजेशीर. खोली जमिनीलगत, ३० चौरस मीटरपेक्षा लहान, हीटिंगचं बटण वेगळं आणि घर व खोली यांच्या मधलं बाहेरच्या दर्जाचं दार शाबूत असेल, तर बहुतेक नियमांतून सूट. काच आणि वीज मात्र नियमाप्रमाणेच हवी. दाराचा आग्रह का, तर काचेतून ऊब निसटते. कायदा या खोलीला घराचा भाग मानतच नाही, ती अर्धी अंगणातच आहे असं धरून चालतो. मला तर हे फारच आवडलं. घर आणि अंगण दोन्ही हवीत, पण मधलं दार लावून.

शेजाऱ्याच्या भिंतीपासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर १९९६च्या पार्टी वॉल कायद्यानुसार त्याला महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. शेजारच्या आजोबांकडे मी नोटीस आणि चिवडा दोन्ही घेऊन गेले. त्यांनी सही केली, चिवड्यातले शेंगदाणे आधी वेचून खाल्ले आणि बजावलं, छपराला पॉलिकार्बोनेट घालू नकोस, पावसात डोक्यावर ताशा वाजतो.

मग छपराला काय घालायचं? इथे मला ऊन भेटलं. म्हणजे ऊन आयुष्यभर बघत आलोय, पण कागदावर मांडून कधी बघितलं होतं? हॅरो साधारण ५१.६ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या २१ तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर असतो. म्हणजे कुंपणाच्या ६ फुटी फळीची सावली २२ फूट लांब! पुण्यात त्याच दुपारी त्याच फळीची सावली साडेपाच फुटांत आटोपते. जूनमध्ये हॅरोतही सूर्य ६२ अंशांपर्यंत चढतो आणि सावली सव्वातीन फुटांवर येते. आमची मागची बाजू दक्षिणेला. तेव्हा हिवाळ्याचं ऊन आडवं, बाजूच्या उभ्या काचांतून येणार आणि उन्हाळ्याचं वरून, छपरातून. मग भिंतीची काच आणि छपराची काच एकच कशी चालेल? बाजूला ऊन आत घेणारी हवी, डोक्यावर ते परतवणारी हवी! हे कळलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून सांगितलं.

आता काच. हा प्रयोग तुम्ही आजच करा. दुहेरी काचेच्या खिडकीसमोर अंधारात निरांजन धरा आणि थोडं तिरकं बघा. ज्योती चार दिसतात, कारण दोन तावदानांचे पृष्ठभाग चार. पण चारींपैकी एका ज्योतीचा रंग वेगळा दिसला, जरा गुलाबीसर, तर त्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा धातूचा पातळ लेप आहे. तो बाहेरून येणारं बरंचसं ऊन आत सोडतो, पण खोलीतल्या तापलेल्या वस्तूंची ऊब बाहेर जायला निघाली की तिला माघारी धाडतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आतून दुसरी ज्योत गुलाबी! लेप आतल्या तावदानावर, पोकळीच्या बाजूला. रोज त्या खिडकीपाशी भांडी घासत होते मी. छपराच्या काचेवरचा लेप निराळा आणि तो बाहेरच्या तावदानाला. दोन्ही तावदानांच्या मधे आर्गॉन वायू.

आणि ही काच इतकी सपाट का, तर ती वितळलेल्या कथिलावर तरंगत थंड होते! अलास्टर पिल्किंग्टन यांची ही पद्धत सेंट हेलन्समधून १९५९ साली जाहीर झाली. त्याआधी आरशासारखी काच हवी असेल तर घासून गुळगुळीत करावी लागे. त्याहीआधी, १८४५पर्यंत, इंग्लंडात काचेवर वजनानुसार कर होता. तो उठला आणि सहा वर्षांत जोसेफ पॅक्स्टननं हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेस उभा केला. पॅक्स्टन मुळात माळी. चॅट्सवर्थच्या बागेत त्यानं १८४९ साली ॲमेझॉनचं राक्षसी कमळ फुलवलं, त्याच्या पानावर आपल्या लहान मुलीला उभं केलं आणि पान बुडत नाही म्हणून खालच्या शिरांची जाळी नीट निरखली. मग त्या कमळासाठी बांधलेल्या घराच्या छपरात ती युक्ती वापरली. आमच्या छपराच्या सळ्यांकडे बघताना मला ती मुलगी आठवते. कामावर आलेल्या पोराला मी हे सगळं सांगितलं. त्यानं चहा संपवला आणि म्हणाला, “ब्रिलियंट.”

पाया बघायचा तर खड्ड्यात उतरा. इथली जमीन लंडन क्ले, तपकिरी, चिकट. बुटाला लागली की सुटत नाही. उन्हाळ्यात आकसते, हिवाळ्यात फुगते आणि जवळ झाड असेल तर त्याची मुळं आणखी पाणी ओढतात. म्हणून एवढ्याशा हलक्या खोलीलाही मीटरभर खणलं आणि आजोबांच्या चेरीच्या झाडाकडच्या बाजूला त्याहून खोल. मला सगळ्यात भावली ती मात्र शिशाची पट्टी. घराची भिंत दुहेरी, मधे पोकळी. आजवर पावसानं बाहेरची वीट भिजायची, पाणी पोकळीत झिरपून खाली निघून जायचं. आता त्याच विटेच्या खालचा भाग खोलीच्या आत आला! मग छपराच्या वर एकेक वीट काढून पोकळीत तिरपी तबकं बसवतात, वरून येणारं पाणी अडवून बाहेर सोडतात आणि सांध्यावर शिसं ठोकून वाकवतात. लाकडी ठोकणीनं, हळूहळू, विटेच्या खाचेत. मी बाहेर खुर्ची टाकून बघत बसले होते.

छपराला उघडणारी झडप घेतलीय. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली की खालच्या दारातून गार हवा आपोआप आत येते. पावसाचा थेंब पडला की झडप स्वतः मिटते. तरी जूनमध्ये आत भट्टी होणारच, आणि मला ती हवीच आहे. आईला फोनवर सांगितलं, येताना सोऱ्या आण, आपण इथे कुरडया घालू.

“अगं, पण तिथे कावळे?”

“आत येणारच नाहीत गं. वर काच आहे!”

“मग राखण कसली करायची?” आईचा आवाज पडला. “मी तिथे बसून दिवसभर करू काय?”